पेशीच्या आतला निरोप आणि बाळाचा मेंदू : दोष ग्रहणाचा की प्रथिनाचा?

बावडेकर (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. माझ्या बहिणीचा मुलगा सात महिन्यांचा आहे. ती गरोदर असताना सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात बारीक गाठी दिसल्या होत्या. जन्मानंतर त्या आपोआप लहान होत गेल्या आणि घरातले सगळे निर्धास्त झाले. गेल्या महिन्यात बाळाला झटके येऊ लागले. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासताना खोलीतला दिवा बंद केला आणि बाळाच्या पोटरीवर जांभळट प्रकाशाचा एक छोटा दिवा धरला. तोवर आमच्यापैकी कोणाच्याच नजरेस न पडलेला, लिंबाच्या पानासारखा निमुळता पांढुरका डाग त्या प्रकाशात स्पष्ट उजळून दिसला. तसे आणखी चार डाग पाठीवर निघाले. एमआरआय झाल्यावर निदान सांगितले गेले, ट्युबरस स्क्लेरॉसिस.

डॉक्टरांनी वेळ काढून समजावले. पेशीच्या आत निरोप पोचवणारी प्रथिनांची एक साखळी असते, तिच्यातला ब्रेक काम करीत नाही आणि मेंदू घडत असतानाच तो निकामी असल्यामुळे घडण बिघडली, असे ते म्हणाले. तिथे बसलो असताना सगळे कळल्यासारखे वाटले. गाडी कावळा नाक्यापर्यंत येईतो त्यातले काहीच सांगता येईना.

माझे प्रश्न तीन आहेत. हृदय, कातडी आणि मेंदू यांचा एकमेकांशी काय संबंध? दोष सगळ्या शरीरात असेल, तर डाग पाचच का आणि गाठी ठरावीक ठिकाणीच का? तिसरा प्रश्न आईचा आहे. बहिणीने गरोदरपणी ग्रहणात विळी हातात घेतली होती, त्याचे हे फळ आहे, असे आई चारचौघांत म्हणते. बहीण ऐकून गप्प बसते आणि मला उत्तर देता येत नाही.

रंकाळ्याची_हवा (रविवार, रात्री ९.५८)

तिसऱ्याचे उत्तर माझ्यापुरते मी देतो. मी पोटात असताना माझ्या मातोश्रींनी ऐन ग्रहणात आख्खा फणस चिरल्याचे घरात अभिमानाने सांगितले जाते. माझ्यात जे काही व्यंग आहे ते बारावीच्या निकालापर्यंत कोणाला दिसले नव्हते, आणि त्याचे कारण फणस नव्हता. पहिल्या दोन प्रश्नांसाठी जाणकारांची वाट पाहू.

मास्तर_निवृत्त (रविवार, रात्री १०.४५)

मी एकतीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले, म्हणून थोडे मागून सुरू करतो.

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात आम्ही कोंबडीच्या अंड्यातला गर्भ काढत असू. हॅचरीतून फलित अंडी आणायची, उबवणी यंत्रात ३३, ४८ आणि ७२ तास ठेवायची, मग कोमट सलाइनच्या भांड्यात अंडे हलकेच फोडायचे. बलकावर रुपयाएवढी एक फिकट चकती तरंगते. तिच्याभोवती बारीक कात्री फिरवून ती वॉच ग्लासवर उचलून घ्यायची. हात थरथरला की चकती दुमडते आणि सगळे वाया जाते. नीट निघाली, तर ३३ तासांच्या गर्भात पुढच्या टोकाला तीन फुगवटे दिसतात. तोच पुढचा मेंदू, मधला मेंदू आणि मागचा मेंदू. त्याच्या मागे हृदयाची नळी नुकतीच धडधडू लागलेली असते. दरवर्षी एखादी मुलगी सूक्ष्मदर्शकातून मान वर काढून विचारी, "सर, याला हे कोण सांगतं?"

बावडेकर, तुमच्या भाच्याच्या आजाराच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. त्या फुगवट्यांतल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. कोणी मज्जापेशी, म्हणजे मेंदूतले निरोप वाहणारी पेशी, व्हायचे, कोठे जायचे, किती वाढायचे आणि कोठे थांबायचे, हे शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या रासायनिक निरोपांवर ठरते, आणि तो निरोप पेशीच्या कातडीवरून आतपर्यंत नेण्याचे काम प्रथिनांची साखळी करते.

या निरोपाचा एक ठोस पुरावासुद्धा अंड्यातूनच मिळाला. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन ज्यू डॉक्टर. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठाची दारे बंद झाली, तेव्हा त्यांनी तूरीनमध्ये आपल्या निजायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि अंड्यातल्या गर्भांवर काम केले. पुढे अमेरिकेत त्यांनी दाखवले की उंदराच्या एका गाठीतून पाझरणाऱ्या द्रव्यामुळे मज्जापेशींना चारी बाजूंनी तंतू फुटतात, जणू सूर्याभोवती खळे पडावे तसे. ते द्रव्य म्हणजे मज्जावृद्धी घटक हे प्रथिन. स्टॅन्ले कोहेन यांच्याबरोबर त्यांना १९८६ चे नोबेल मिळाले.

प्रयोगवही (सोमवार, सकाळी ७.१५)

मास्तर, मी तुमची विद्यार्थिनी नाही, पण माझीही चकती दोनदा दुमडली होती. सध्या बंगळूरला मज्जापेशींवरच संशोधन करते, म्हणून तुम्ही जिथे थांबलात तिथून पुढे लिहिते.

मज्जावृद्धी घटक पेशीच्या आत शिरून कोणाला काही सांगत नाही. तो बाहेरून ट्रक-ए नावाच्या ग्राहक प्रथिनाला चिकटतो. चिकटल्यावर दोन ग्राहक जवळ येतात आणि पेशीच्या आतल्या बाजूला एकमेकांना फॉस्फेटची टिकली लावतात. टिकली लागली की त्या जागी दुसरे प्रथिन येऊन बसते, ते तिसऱ्याला जागे करते, आणि असे करत निरोप केंद्रकापर्यंत जातो. टिकली लावणाऱ्या प्रथिनांना कायनेज म्हणतात आणि माणसात ती पाचशेहून अधिक आहेत. टिकली पुसणारी प्रथिने निराळी असतात. लावणे आणि पुसणे हीच पेशीच्या आतली भाषा आहे, आणि ती उलगडल्याबद्दल एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज यांना १९९२ चे नोबेल मिळाले.

मज्जापेशीची अडचण अशी की तिचा तंतू लांबच लांब असतो आणि निरोप टोकाला मिळतो. मग टोकाकडचा पेशीच्या आवरणाचा तुकडा ग्राहकासकट आत ओढून त्याचा लहानसा फुगा होतो, आणि डायनिन नावाचे चालते प्रथिन तो फुगा पाठीवर घेऊन तंतूतल्या रुळांवरून पेशीच्या मुख्य अंगाकडे निघते. त्याची चाल साधारण सेकंदाला एक मायक्रोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर कापायला सुमारे सतरा मिनिटे. गर्भात ज्या पेशींना असा फुगा पुरेसा पोचत नाही, त्या मरतात. मेंदू घडताना गरजेपेक्षा जास्त पेशी जन्माला येतात आणि त्यांतल्या पुष्कळ याच कारणाने गळतात.

चिकित्सक (सोमवार, सकाळी १०.०५)

माहिती उत्तम आहे, परंतु निष्कर्षाकडे जाताना एक घसरण होते आहे. 'शेजारच्या पेशी सांगतात' हे खरे असले, तरी सांगणारे प्रथिन, ऐकणारे प्रथिन आणि टिकली लावणारे प्रथिन ही तिन्ही शेवटी जनुकांतूनच येतात. १९५१ साली डग्लस फाल्कनर यांनी झोकांड्या खाणाऱ्या उंदरांच्या एका जातीचे वर्णन केले. त्यांच्या मेंदूच्या बाह्यपटलातले थर जवळजवळ उलटे असतात. १९९५ साली त्याचे कारण सापडले, ते रीलिन नावाच्या एकाच प्रथिनाचे जनुक. एक जनुक बिघडले आणि आख्ख्या पटलाची मांडणी फिरली. मग 'मेंदूचा आराखडा जनुकांत लिहिलेला असतो' असे म्हणण्यात चूक काय?

प्रयोगवही (सोमवार, दुपारी १.३०)

चूक 'आराखडा' या शब्दात आहे. माणसात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २०,००० आणि मेंदूत मज्जापेशी सुमारे ८,६०० कोटी. कोणती पेशी कोणाला जोडायची याची यादी जनुकांत मावणारच नाही.

तुमच्याच उदाहरणाचे बघू. रीलिन हे प्रथिन पटलाच्या अगदी वरच्या थरातल्या पेशी बाहेर सोडतात. खालून चढत येणाऱ्या कोवळ्या मज्जापेशीवर त्याचे ग्राहक असतात. तो निरोप मिळाला की आतल्या डॅब-१ या प्रथिनाला टिकली लागते आणि पेशी आपल्या जागी स्थिरावते. आधी आलेल्या पेशी खाली थांबतात आणि नंतरच्या त्यांना ओलांडून वर जातात, म्हणून पटल आतून बाहेर रचले जाते. रीलिनमध्ये 'तू चौथ्या थरात जा' असे काही लिहिलेले नसते. कोणी कोठे थांबायचे, हे पेशी केव्हा आली आणि तिच्या आत त्या वेळी काय चालले आहे यावर ठरते.

याहून स्पष्ट उदाहरण नेट्रिनचे आहे. मज्जातंतूंना वाट दाखवणारे हे प्रथिन कोंबडीच्या गर्भाच्या हजारो मेंदूंतून वेगळे काढले गेले आणि १९९४ साली त्याचे नाव ठेवले गेले ते आपल्या 'नेतृ' या संस्कृत शब्दावरून, वाट दाखवणारा या अर्थाने. गंमत अशी की हाच नेता काही तंतूंना जवळ ओढतो आणि काहींना दूर ढकलतो. तंतूच्या टोकावर एका प्रकारचा ग्राहक असेल तर ओढ लागते आणि दुसरा जोडीला असेल तर तेच टोक मागे फिरते. इतकेच नव्हे, बेडकाच्या गर्भातल्या मज्जापेशींत चक्रीय एएमपी या साध्या रेणूचे प्रमाण कमी केले, की नेट्रिनकडे धावणारे टोक त्याच नेट्रिनपासून पळू लागते, हे १९९७ साली दाखवले गेले.

रंकाळ्याची_हवा (सोमवार, दुपारी १.४२)

एकच नेता काहींना जवळचा वाटतो आणि काहींना नकोसा, आणि ते ऐकणाऱ्याच्या पोटात त्या वेळी काय आहे यावर ठरते. कोल्हापुरात हे समजायला बेडूक लागत नाही, निवडणूक पुरते.

चिकित्सक (सोमवार, दुपारी ३.२०)

'आराखडा' हा शब्द मी मागे घेतो, पाककृती म्हणू. मात्र बावडेकरांच्या प्रश्नात तुमच्यापेक्षा माझी बाजू भक्कम आहे, कारण तिथे दोष निश्चितपणे जनुकातच आहे. टीएससी-२ हे जनुक १९९३ साली आणि टीएससी-१ हे १९९७ साली सापडले. त्यांच्यापासून ट्युबेरिन आणि हॅमार्टिन ही दोन प्रथिने बनतात आणि ती जोडीने काम करतात. डॉक्टरांचा 'ब्रेक' म्हणजे हीच जोडी.

गुऱ्हाळवाला (सोमवार, रात्री ८.५०)

माझे शिक्षण शेतकीचे आहे, तरी तिन्ही जाणकारांचे दोनदा वाचले. ब्रेक म्हणण्यापेक्षा मला आमच्या गुऱ्हाळातली रीत जवळची वाटते. चुकत असेन तर दुरुस्त करावे.

काहिलीत रस उकळत असतो. खाली चुलवाणात एक गडी चिपाड सारत असतो आणि त्याला वरचे काही दिसत नाही. वर गुळव्या उभा असतो. तो पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांत धरून त्याची गोळी होते का पाहतो आणि वेळ झाली की ओरडतो, "जाळ ओढा!" गुळव्या नसेल, तर खालच्या गड्याचा काही गुन्हा नसतो. तो आपले चिपाड सारत राहतो आणि पाक करपतो. ट्युबेरिन-हॅमार्टिन म्हणजे हा गुळव्या, असे समजायचे का?

प्रयोगवही (सोमवार, रात्री १०.१०)

ही उपमा मी माझ्या पुढच्या सादरीकरणात वापरणार आहे. खालचा गडी म्हणजे एमटॉर हे कायनेज. ते चालू असले की पेशी भराभर प्रथिने बनवते, आकाराने वाढते आणि जुन्या भागांची मोडतोड थांबवते. गुळव्या आणि गडी यांच्यामध्ये रेब नावाचे एक लहान प्रथिन असते. ते चालू असेल तर एमटॉर पेटते. ट्युबेरिन रेबला बंद करते.

तुमच्या गुळव्याला डोळे असतात, तसे या जोडीलाही चारी बाजूंनी निरोप येतात. वाढीचा घटक बाहेरून आला की एकेटी नावाचे कायनेज ट्युबेरिनला टिकली लावून गप्प करते, म्हणजे जाळ वाढतो. पेशीत ऊर्जा कमी पडली की एएमपीके नावाचे दुसरे कायनेज त्याच ट्युबेरिनला निराळ्या जागी टिकली लावते आणि त्याचा आवाज मोठा करते. मास्तरांच्या मज्जावृद्धी घटकाचा निरोपही वाटेत या गुळव्यापाशी येतोच.

बावडेकरांचा पहिला प्रश्न इथे सुटतो. हृदय, कातडी, मूत्रपिंड आणि मेंदू या सगळ्यांच्या पेशींत हीच जोडी काम करते. मेंदूत मात्र नुकसान जास्त होते, कारण तिथे किती वाढायचे याइतकाच कोठे आणि कोणत्या आकारात हाही प्रश्न असतो. साधारणपणे मज्जापेशीला एकच अक्षतंतू, म्हणजे निरोप पुढे नेणारा लांब तंतू, फुटतो; प्रयोगात ही जोडी काढून टाकली, की एकाच पेशीला अनेक फुटतात. पटलातल्या गाठींत प्रचंड आकाराच्या पेशी आढळतात, त्यांना धड मज्जापेशीही म्हणता येत नाही आणि धड आधारपेशीही नाही, आणि तेवढ्या भागात थर पुसट झालेले असतात. झटके बहुधा अशा गाठींच्या आसपास सुरू होतात.

मास्तर_निवृत्त (मंगळवार, सकाळी ६.३०)

दुसरा प्रश्न राहिला, डाग पाचच का. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. बाळाच्या सर्व पेशींत एक प्रत बिघडलेली आहे, पण दुसरी शाबूत असल्याने बहुतेक ठिकाणी गुळव्या हजर असतो. वाढ होत असताना एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही योगायोगाने बिघडते. मग त्या पेशीच्या लेकी-नातींमध्ये गुळव्याच उरत नाही आणि तेवढ्याच जागी गाठ होते. मूत्रपिंडाच्या गाठींत हे वारंवार दिसले आहे. मेंदूच्या पटलातल्या गाठींत ते सरसकट आढळत नाही, त्यामुळे तिथे एवढ्यावर भागत नाही.

सातवी_गल्ली (मंगळवार, सकाळी ११.१५)

मी या आजाराच्या मुलीची आई आहे, ती आता नऊ वर्षांची आहे. विज्ञान वरच्यांनी सांगितले. मी अनुभवाचे दोन शब्द सांगते.

आमची लेक पाच महिन्यांची असताना झोपेतून उठल्यावर एकदम दोन्ही हात पसरून मान पुढे टाकायची, क्षणभर थांबायची, आणि असे दहा-पंधरा वेळा ओळीने करायची. एका दवाखान्यात सहा आठवडे आम्हांला पोटदुखी आहे असेच सांगितले गेले आणि ग्राइप वॉटरवर दिवस काढले. शेवटी माझ्या भावाने मोबाइलवर चित्रण केले आणि दुसऱ्या डॉक्टरांनी ते पाहताक्षणी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींची तपासणी, करायला पाठवले. असे ओळीने येणारे झटके हे पोटदुखीसारखे दिसतात आणि त्यांत दिवस घालवणे मेंदूला परवडत नाही. बावडेकर, प्रत्येक झटक्याचे चित्रण वेळेसह ठेवा.

आणि ग्रहणाबद्दल. माझ्या सासूबाईंनी ग्रहण म्हटले नाही, पपई म्हटले. बाईला ते नऊ वर्षांनीही आठवते, एवढे तुमच्या आईंना सांगा.

चिकित्सक (मंगळवार, दुपारी १२.४०)

आईंना सांगण्यासाठी ठोस मुद्दा देतो. या आजाराच्या साधारण दोन-तृतीयांश रुग्णांत बिघाड नवा असतो, म्हणजे आई-वडील दोघांच्याही तपासणीत तो सापडत नाही. बहुतेकदा तो बीजपेशी तयार होताना झालेला असतो, म्हणजे विळी हातात घेण्याच्या किती तरी आधी. उरलेल्यांत आई किंवा वडिलांकडे तो सौम्य रूपात असतो, आणि तसे असेल तर पुढच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून दोघांची जनुकीय तपासणी आणि त्याच जांभळ्या दिव्याखाली कातडीची तपासणी करून घ्यावी.

मास्तर_निवृत्त (मंगळवार, दुपारी २.०५)

चिकित्सकांशी सहमत, पण कोणी असे समजू नये की गरोदरपणात काहीच महत्त्वाचे नसते. मेंदूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत मिटते. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचेही नीट कळलेले नसते. म्हणून फॉलिक आम्लाच्या गोळ्या गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायच्या असतात. आयोडीनची कमतरता, दारू आणि अपस्माराचे व्हॅल्प्रोएट हे औषध यांचाही मेंदूच्या घडणीवर परिणाम होतो. विळी या यादीत नाही.

बावडेकर (बुधवार, रात्री ९.२०)

सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी आईला समोर बसवून हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. बीजपेशीपाशी ती "असेल बाई" म्हणून थांबली. गुळव्यापाशी मात्र तिने मला थांबवले, कारण तिचे माहेर शिरोळ तालुक्यातले आणि तिने गुऱ्हाळे पाहिली आहेत. तिने विचारले, "मग डॉक्टर देतायत त्या औषधानं गुळव्या परत येतो का?" पुढे एव्हरोलिमस सुरू करावे लागेल असे डॉक्टर म्हणाले आहेत. मला उत्तर माहीत नव्हते.

प्रयोगवही (बुधवार, रात्री १०.००)

नेमका प्रश्न आहे. गुळव्या परत येत नाही. एव्हरोलिमस हे रॅपामायसिनच्या कुळातले औषध. रॅपामायसिन ईस्टर बेटावरून १९६४ साली आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळाले, आणि त्या बेटाचे स्थानिक नाव रापा नुई, म्हणून हे नाव. ते वेगळे काढणाऱ्या शास्त्रज्ञांत मूळचे आपल्याकडचे सुरेन सहगल प्रमुख होते. कंपनीने ते काम बंद केले, तेव्हा त्यांनी जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते. एमटॉर हे नावसुद्धा याच औषधावरून पडले, कारण हे औषध जाऊन ज्याला धरते ते प्रथिन म्हणजे एमटॉर.

म्हणजे औषध गुळव्याचे काम करीत नाही. ते खालच्या गड्याचा हात धरते. त्यामुळे मेंदूतल्या विशिष्ट मोठ्या गाठी लहान होतात आणि काही रुग्णांचे झटके कमी होतात. औषध बंद केले की गाठी पुन्हा वाढू शकतात, कारण वर अजून कोणी उभे नसते. पटलाचे थर गर्भात जसे रचले गेले, तसेच राहतात. डोस आणि रक्ततपासण्या तुमचे डॉक्टर ठरवतील.

गुऱ्हाळवाला (बुधवार, रात्री १०.२५)

गड्याचा हात सतत धरून ठेवला तर चुलवाण विझेल, त्याचे काय?

प्रयोगवही (बुधवार, रात्री १०.४०)

त्यासाठीच रक्ततपासण्या. पेशींना एमटॉर लागतेच. फार दाबले, तर तोंडात फोड येतात, जंतुसंसर्ग लवकर होतो, कोलेस्टेरॉल वाढते. रक्तातले औषधाचे प्रमाण मोजून हात किती घट्ट धरायचा ते ठरवतात.

बावडेकर (गुरुवार, सकाळी ८.१०)

आईला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे आता गुळव्याच्या जागी आपणच उभं राहायचं." मग तिने बहिणीला फोन लावला आणि औषधाची वेळ सकाळची की रात्रीची, ते विचारून घेतले. विळीचा विषय निघाला नाही.